नाव बुडाली, नाव बुडालं

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवायला लागून मला चौथं वर्ष होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात आमचे निवृत्त मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये आले आणि खाकी कव्हर घातलेली एक जाड वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"हे नाटक यंदा करायचंय, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही मराठीच्या. यातल्या कोट्या तेवढ्या काढून टाका."

नाटक होतं प्रवरेच्या दोन काठांवरच्या दोन घराण्यांचं. अलीकडच्यांची मुलगी, पलीकडच्यांचा मुलगा, मधे नदी आणि तीन पिढ्यांचं वैर. शेवटी दोघं एका नावेतून पळून जायला निघतात आणि मधल्या धारेत नाव बुडते. आमच्याच शाळेतल्या एका मास्तरांनी ते लिहिलेलं. मास्तर जाऊन कैक वर्षं झाली होती. नाटक कधी छापलं गेलं नाही, पण दर पाच-सात वर्षांनी गावात कुणी ना कुणी ते उभं करायचं, आणि म्हाताऱ्या माणसांना त्यातले संवाद तोंडपाठ होते. मुलीचा भाऊ दम देतो, "पाट आमचा, पाणी आमचं," आणि पलीकडचा मुलगा हात जोडून म्हणतो, "पाट तुमचाच राहू द्या, आम्हाला फक्त त्यावर बसू द्या." पाण्याचा पाट आणि लग्नाचा पाट. हे वाक्य मी वही उघडायच्या आधी बाजारात दोनदा ऐकलेलं होतं.

"आता माणसाच्या मोबाईलवर दिवसाला शंभर विनोद येतात," मुख्याध्यापक म्हणाले. "त्यातून हे शोकान्त नाटक. दोन जीव मरायला निघालेत आणि नोकर आपला शब्दांशी खेळतोय. बरं दिसत नाही."

मला त्यांचं पटलं. दोन संध्याकाळी लाल पेन घेऊन बसले आणि सापडेल ती कोटी उडवली.

पहिलं वाचन शाळेच्या प्रयोगशाळेत झालं. नायक बँकेतला कारकून, नायिका सरकारी दवाखान्यातली नर्स, मुलीचा बाप स्वतः मुख्याध्यापक. बापाच्या नोकराचं काम जनावरांच्या डॉक्टरांकडे होतं. ते वर्षभरापूर्वीच पाथर्डीकडून बदलून आले होते. सावळे, उंच, पँटला कायम कुठंतरी शेण लागलेलं. मी प्रॉम्प्टर. वाचन तासाभरात आटोपलं. मग डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही याची शिंगं कापली. आता ते कुणाला मारायचं न्हाई, पण बैलासारखं दिसतपन न्हाई."

मला राग आला. मी म्हणाले, "मरणाच्या नाटकात हशा हवाय का तुम्हाला?"

"हवाय. आधी हसू द्या की लोकांना. न हसलेला मानूस रडतो व्हय कधी?"

मुख्याध्यापकांनी वाद तोडला. "तुम्ही दोघं बसा आणि काय ते ठरवा," ते म्हणाले.

आम्ही बसलो. कधी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, कधी रविवारी सकाळी त्यांच्या दवाखान्याच्या पडवीत. पडवीत शेळ्या बांधलेल्या असायच्या, माणसं नंबर धरून उकिडवी बसलेली असायची. डॉक्टर एका गायीला इंजेक्शन देऊन यायचे, हात धुवायचे, एक वाक्य बघायचे आणि पुढच्या गायीकडे जायचे. सुचलेलं ते औषधाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवत. एकदा एक बागायतदार त्यांच्यावर उगाच ओरडून गेला. तो गेल्यावर ते शांतपणे मला म्हणाले, "गाय माजावर आली की मला बोलावतात, मॅडम. मालक माजला तर कुनाला बोलवायचं?" मी इतकी हसले की बसलेली माणसं वळून बघायला लागली. शाळेच्या बाईनं असं हसू नये, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तोवर मला कोटी म्हणजे रिकामटेकड्या माणसाचा चाळा वाटायचा. डॉक्टरांकडे ती आईकडून आली होती. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. पोरगं लहान असताना बैलगाडीत बसून त्यांच्याबरोबर, पुढे शाळेसाठी मामाकडे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. वडील अचानक गेले त्या साली मुकादम आईला म्हणाला, "आता तुझा अर्धा कोयता. अर्धा न्हेऊन मी काय करू?" आईनं कमरेचा कोयता काढून त्याच्यापुढं धरला. "अर्धा कुठं हाय, दादा? पुराच हाय. धार बगता का?" टोळीतली सगळी माणसं हसली, मुकादमालाही हसावं लागलं, आणि आईला त्यानं टोळीत घेतलं.

"सरळ बोलली असती तर तिला घरी बसवलं असतं," डॉक्टर म्हणाले. "गरिबाला एका शब्दात दोन गोष्टी बोलाव्या लागत्यात, मॅडम. एक ऐकनाऱ्यासाठी, एक सोतासाठी."

त्या दिवसानंतर मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि मास्तरांची वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. तेव्हा दिसलं की मास्तरांनी सगळं नाटक एका शब्दावर तोललं होतं. तो शब्द 'नाव'. माणसाचं ते नाव, आणि पाण्यावरची ती नाव. पहिल्या अंकात पलीकडचा मुलगा नायिकेला विचारतो, "नाव कुणाची?" ती म्हणते, "नाव बापाची, नाव बापाचं. माझा म्हणायला हा काठ तेवढा." तिचा बाप येता-जाता घराण्याचं नाव, नाव करतो. नोकर नावाडी आहे, त्याची भाषा खेडवळ, त्यामुळं मालक त्याचं बोलणं सारखं दुरुस्त करतो. 'ती' कुठं म्हणायचं आणि 'ते' कुठं, यावरून त्याला झापतो, आणि लोक हसतात. मी नेमकी ती दुरुस्त्यांची वाक्यं काढून टाकली होती.

मुख्याध्यापकांचा खरा विरोध शेवटच्या प्रवेशाला होता. बाप काठावर उभा आहे, मुलगी पळून गेल्याचं त्याला कळलंय. तो म्हणतो, "गेलं. घराण्याचं नाव बुडालं." तेवढ्यात भिजलेला नोकर येतो आणि म्हणतो, "मालक, नाव बुडाली." बाप सवयीनं खेकसतो, "बुडाली काय म्हणतोस गाढवा, बुडालं म्हण." नोकर म्हणतो, "न्हाई मालक. बुडालीच."

"इथे लोक हसले तर?" मुख्याध्यापक मला म्हणाले. "माझी मुलगी मेलीय आणि मी व्याकरण शिकवतोय. सगळं नाटक हास्यास्पद होईल."

"सर, हे राहू द्या," मी म्हणाले. "लोक हसले तर दोष माझा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी तालीम संपल्यावर मोटारसायकल हातात धरून ते माझ्या खोलीच्या गल्लीपर्यंत चालत आले. मी रस्ताभर बोलत होते, ते ऐकत होते. खोलीपाशी आल्यावर म्हणाले, "तुमी नाटक वाचवलं." त्यात कोटी नव्हती. मी घरात जाऊन दार लावलं आणि तशीच दाराशी उभी राहिले. मोटारसायकलचा आवाज गल्लीबाहेर जाईपर्यंत हलले नाही.

प्रयोग रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात झाला. खिडक्यांना ताडपत्री लावून अंधार केला होता. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं जीप भरभरून आली होती. पाटाच्या वाक्याला म्हाताऱ्या बायकांनी आधीच हसायला सुरुवात केली, वाक्य नंतर आलं. नोकर प्रत्येक वेळी चुकला आणि मालक प्रत्येक वेळी चिडला, तसा हशा वाढत गेला. मी पडद्याआड वही धरून उभी होते. वहीची कुणाला गरज पडत नव्हती.

शेवटचा प्रवेश आला. मुख्याध्यापक म्हणाले, "घराण्याचं नाव बुडालं." डॉक्टर आत आले. अंगावर त्यांनी खरोखरच बादलीभर पाणी ओतून घेतलं होतं, थंडीनं दात वाजत होते. "मालक, नाव बुडाली." "बुडाली काय म्हणतोस गाढवा, बुडालं म्हण." आणि लोक हसले. अख्खं सभागृह हसलं. मुख्याध्यापकांचा चेहरा पडलेला मला दिसला. डॉक्टर थांबले. हसू ओसरेपर्यंत ते नुसते मालकाकडे बघत राहिले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "न्हाई मालक. बुडालीच."

पुढच्या रांगेतलं एक हसू मधेच तुटलं. मग मागची तुटली. एका बाईनं "आगं बया" म्हटलेलं मला पडद्याआड ऐकू आलं. मुख्याध्यापक खाली बसले. तसं बसायचं तालमीत ठरलं नव्हतं. मला वहीतली अक्षरं दिसेनात.

त्यानंतर पंधरा दिवसांत डॉक्टरांची बदली झाली. त्यांनीच मागून घेतली होती. आईची तब्येत बरी नसायची आणि ती गाव सोडून इकडं यायला तयार नव्हती. जायच्या आदल्या दिवशी आम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घ्यायला बसलो. मला वाटलं आता ते काहीतरी मजेशीर बोलतील. मी त्याची तयारी करून बसले होते. दोन महिन्यांत मलाही ते वळण लागलं होतं.

त्यांनी चहा संपवला, कप बाजूला सारला आणि म्हणाले, "मॅडम, मी सरळ विचारतो. माझ्याशी लग्न कराल का?"

मला हो म्हणायचं होतं. पण केडगावला वडील एकटे होते. आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवलेलं. माझ्यासाठी आपल्यातलं, जवळपासचं स्थळ बघायचं त्यांच्या मनात होतं. एसटीत आयुष्यभर ड्रायव्हर होते, कमी बोलायचे आणि पटलं नाही तर महिनामहिना बोलायचे नाहीत. त्यांना सांगायला, त्यांचं मन वळवायला मला वेळ हवा होता. हे सगळं त्या हॉटेलात बोलायला हवं होतं. ते तर सरळ बोलले होते. पण मी घाबरले, आणि घाबरलं की माणूस जे नवीन शिकलेलं असतं तेच वापरतो. मी हसले, मान वाकडी केली आणि म्हणाले, "वाट बघा."

थांबा माझ्यासाठी, मी येते, असं मला म्हणायचं होतं. पण 'वाट बघा' आपण कसं म्हणतो? एखाद्यानं नसतं काही मागितलं की हसून म्हणतो, बघा वाट! मला दोन्ही अर्थ माहीत होते. खरा त्यांना कळेल याची मला खात्री होती. दोन अर्थांच्या घरातच तर वाढलेला माणूस.

तेही हसले. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

सुरुवातीला मेसेज यायचे. तिकडच्या गायी, तिकडची पाणीटंचाई, एखादी कोटी. मग कमी झाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाट बघायला सांगितलेला माणूस मधेमधे विचारत नाही, असं मी धरून चालले. मी माझ्या कामाला लागले होते. संक्रांतीला घरी गेले आणि वडिलांना सांगितलं. मी त्यांना नाना म्हणते. नाना काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर उठून गेले. पुढचे तीन महिने मी दर शनिवारी केडगावला जायचे, स्वयंपाक करायचे, आणि दोघं समोरासमोर बसून मुकाट जेवायचो. गुढीपाडवा गेला. एका शनिवारी नाना भाकरी मोडता मोडता म्हणाले, "घेऊन ये त्यांना. बघू."

मी त्याच संध्याकाळी फोन करणार होते. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. यात तरी एकही शब्द दुहेरी नको, असं ठरवलं होतं. फोन हातात घेतला तर नाटकाच्या ग्रुपवर डॉक्टरांच्या लग्नपत्रिकेचा फोटो आला होता. खाली मुख्याध्यापकांचे आशीर्वाद, नर्सबाईंची फुलं. मी पत्रिका दोनदा वाचली. मग मीही अभिनंदन लिहिलं.

नानांनी विचारलं, "कधी येताहेत?"

"त्यांचं नाही जमणार म्हणाले," मी सांगितलं.

दोन वर्षं गेली. मी अकोल्यातच होते. शिकवत होते, रविवारी सकाळी दवाखान्याच्या रस्त्यानं जायचं टाळत होते. मला नुसती त्या माणसाची आठवण येत नसे. त्यांच्याशी बोलताना मी जशी बोलायचे ती मला आठवायची. वर्गात एखादं वाक्य सुचायचं, ते सांगायला समोर कुणी नसायचं. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

मग एका सकाळी त्यांचा मेसेज आला. "आई काल शांत झाली." एवढंच. त्या शब्दाचे दोन अर्थ मला दिसले. जन्मभर जिची जीभ थांबली नाही ती बाई गप्प झाली होती.

रजा मिळायला तीन दिवस गेले. नगरला उतरून पाथर्डीची गाडी धरली, तिथून सीटवार पैसे घेणाऱ्या वडाप जीपनं त्यांच्या गावी पोचेपर्यंत दुपार झाली. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड. बायका आत बसल्या होत्या. त्यांची बायको बाहेर आली, तिनं मला पाणी दिलं. साधी, थकलेली, पोटुशी. "तुमी नाटकाच्या बाई ना?" ती म्हणाली. "हे लई सांगत्यात तुमचं." तिच्या बोलण्यात कसलाही कडवटपणा नव्हता. मला तिच्याकडे नीट बघवेना.

डॉक्टर लिंबाखाली बसले होते, डोकं भादरलेलं. मी समोर बसले. आईच्या शेवटच्या दिवसांचं बोलून झालं. मग ते म्हणाले, "अकोल्याहून मी परत आलो तवा आईला तुमचं सांगितलं हुतं. काय इचारलं, तुमी काय म्हनलात, सगळं."

मी तांब्यातलं पाणी घोटभर प्याले.

"मी म्हनलं, हसून न्हाई म्हनल्या. तर आई म्हनली, तिनं न्हाई कुठं म्हनलं? वाट बघा म्हनली. मग बघावी मानसानं." ते बोटानं मातीत रेघ ओढत होते. "मी म्हनलं, आई, तुला शिकलेल्या मानसांचं बोलनं कळत न्हाई. पुढं तिचं दुखनं वाढलं. मामानं स्थळ आनलं. तिला सून बघायची हुती."

आतून बायकांचा आवाज येत होता. त्यांनी मान वर केली. "आईचं बरोबर हुतं का, मॅडम?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांच्या बायकोनं दिलेला तांब्या अजून माझ्या हातात होता. खोटं बोलणं हाच चांगुलपणा होता, असं आजही कधी कधी वाटतं. पण त्या बाईनं मला न बघता माझं एक वाक्य सरळ ऐकलं होतं. तिच्या मरणाच्या पाचव्या दिवशी, तिच्या अंगणात, ती चुकली असं माझ्याच्यानं म्हणवेना.

"हो," मी म्हणाले. "बरोबर होतं."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग त्यांची बायको दारात आली आणि पाव्हण्या बाईंनी दोन घास खाऊन जावं म्हणाली. मी आत गेले, शेजारणीनं आणलेली पिठलं-भाकरी बायकांच्या पंगतीत बसून खाल्ली. निघताना डॉक्टर जीपपर्यंत आले नाहीत. त्यांची बायको आली. "सांभाळून जावा," म्हणाली. मी तिच्या हातावर हात ठेवला, तब्येत जप म्हणाले.

दिवेलागणीला केडगावला पोचले. नाना ओट्यावर बसले होते. कुठं गेल्तीस, त्यांनी विचारलं. मी त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. हॉटेलातलं, पत्रिकेचं, त्यांच्याशी खोटं बोलले होते तेही. नाना ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्या तीन महिन्यांत मी काही बोललो असतो तर?"

"तसं नाही, नाना."

"तसंच हाय," ते म्हणाले आणि उठून दूध तापवायला गेले.

सकाळी सहाची अकोल्याची गाडी होती. नाना मला स्टँडवर सोडायला कधी येत नसत, त्या दिवशी आले. थंडी होती, त्यांनी मफलर गुंडाळला होता. मी खिडकीशी बसले. ते गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेले आणि मोठ्यानं विचारू लागले, गाडी संगमनेरवरूनच जाते ना, मधे कुठं थांबते, किती वाजता पोचेल. त्याच रस्त्यावर त्यांनी स्वतः अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली होती. तरुण ड्रायव्हर सगळं नीट सांगत होता. नाना एकेक उत्तर ऐकून घेत होते, मान डोलावत होते, आणि गाडी सुरू झाली तरी दाराला धरून उभेच होते.